शेवटचा पेपर, पहिला पगार

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानाचा लिखित मजकूर)



मला विषय दिला होता तो ‘मराठी आत्मकथनांतील शिक्षण’. विषय जुना आहे. त्यावर प्रबंध पुष्कळ झाले, एक मीही लिहिला आहे आणि तो ग्रंथालयात निवांत पडून आहे. म्हणून आज त्यातला एक लहानसा तुकडाच घेते. शेवटचा पेपर देऊन पोरगं किंवा पोरगी घरी येते तिथपासून हातात पहिला पगार पडतो तिथपर्यंतचा काळ. कुणाचा तो सहा महिन्यांचा असतो, कुणाचा सहा वर्षांचा, कुणाचा कधी संपतच नाही. या काळात सरकार नावाची गोष्ट कुठे असते आणि कुठे नसते, हे मला आत्मकथनांच्या आधाराने पाहायचं आहे. नंतर थोडं आपल्या हैदराबादबद्दल बोलेन, कारण तीस वर्षं मी इथे शिकवते आणि पुस्तकातलं बरंचसं मला वर्गात बसलेलं दिसतं.

सुरुवात एका फॉर्मपासून करते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शिक्षणाच्या सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही घेण्याचा प्रसंग आहे. सरपंच पेचात पडतो. मुलगा समोर उभा आहे, गावातलाच आहे, पण कागदावर बापाच्या नावाची जागा आहे, जातीची जागा आहे आणि तिथे काय लिहायचं हे गावाला ठरवता येत नाही. आपण हा प्रसंग जातीव्यवस्थेवरचं भाष्य म्हणून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. सरकार मदत द्यायला तयार आहे. पैसे मंजूर आहेत. ते पोचायचे मात्र गावच्या सहीतून. ज्या गावाच्या तावडीतून सुटण्यासाठी शिकायचं, त्याच गावाने आधी ‘हा आमचा’ म्हणून लिहून द्यायचं. कल्याणकारी राज्याचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

आता हे पैसे आले कुठून, ते थोडक्यात सांगते. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्याआधी १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं होतं. त्यात शिक्षणासाठी पैसा मागितला होता आणि सरकारी नोकऱ्यांत वाटाही मागितला होता, दोन्ही एकाच कागदात. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती आली. म्हणजे पुलाची दोन्ही टोकं एकाच वेळी धरायची, हा विचार तेव्हा होता. शिकवायचं कशासाठी आणि शिकून जायचं कुठे, हे एकाच माणसाच्या डोक्यात होतं. पुढे शिष्यवृत्ती एका खात्याकडे गेली, नोकरी दुसऱ्या खात्याकडे आणि मधला रस्ता कुणाच्याच खात्यात राहिला नाही.

हैदराबादचा यात वाटा आहे. तो आपण इथे बसून तरी विसरू नये. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या काळात बी. एस. व्यंकटराव यांच्यासारख्यांच्या आग्रहातून दलितांच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपयांचा निधी राखून ठेवला गेला. त्याच निधीतून पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीला औरंगाबादच्या महाविद्यालयासाठी कर्ज मिळालं. १९५० साली सुरू झालेलं हे कॉलेज म्हणजे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, विद्यापीठ उस्मानिया, तिथलं शिक्षण तोवर उर्दूत चाललेलं, आणि नांदेड-बीडकडच्या गरीब पोराला हैदराबादला येऊन शिकणं परवडणारं नव्हतं. मिलिंदने त्याला कॉलेजइतकंच महत्त्वाचं म्हणजे वसतिगृह दिलं. दोन वेळचं जेवण, वीज, एक खाट आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच एक जण. पुढे त्याच आवारातल्या एका प्राध्यापकाने, गंगाधर पानतावणे यांनी, ‘अस्मितादर्श’ काढलं. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना आपण विचारधारा सांगतो, मासिकं सांगतो. मेसचं बिल सांगत नाही. ते सांगायला हवं, कारण मेस बंद पडली की पोरं गावी जात आणि गावी गेलेलं पोर लिहीत नसे.

वसतिगृहाने आणखी एक केलं. पोराची मजुरी घरापासून तोडली. हे किती अवघड आहे ते पाहायचं तर आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) पाहावी. तिथे जातीचा प्रश्न वेगळा आहे, पण बाप पोराला शाळेतून काढतो तो शेतावर हात हवा म्हणून. गावातला मोठा माणूस मध्ये पडतो आणि तोडगा निघतो तो असा की सकाळी अकरापर्यंत शेतात काम, तिथूनच दप्तर घेऊन शाळा, संध्याकाळी पुन्हा गुरं. फी माफ होऊन इथे काही उपयोग नसतो. घराला फीपेक्षा पोराचा हात महाग असतो. साठच्या दशकाच्या आरंभी, बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना फीची सवलत मिळाली. तीच आपली ‘ई.बी.सी.’. एका पिढीला तिने कॉलेजात नेलं, त्याबद्दल दुमत नाही. पण तिने फी भरली, हात भरून दिला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांना हे कळलं होतं. त्यांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. पोरगा कॉलेजच्या शेतात राबेल आणि त्यावर शिकेल. आज अनेक विद्यापीठांत ही योजना आहे, पण मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात आणि बागेत पाणी घालतात. त्या कामाचा पुढच्या नोकरीशी संबंध असावा, असं ठरवणाऱ्यांच्या मनातही येत नाही.

इथून १९७२ वर येते. दुष्काळाचं वर्ष. या सभागृहात सत्तरी ओलांडलेले काही मराठवाड्याचे लोक आहेत, त्यांना सुकडी आठवत असेल. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. कामाचा हक्क कायद्याने देणारी अशी योजना तेव्हा देशात दुसरीकडे नव्हती. जगातही फारशी नव्हती. मला तिचा अभिमान आहे. पण तिच्याकडे मॅट्रिक झालेल्या पोराच्या जागेवरून पाहा. हक्क कुणाला मिळाला? कुदळ हातात धरेल त्याला. जो शिकला, ज्याला शिकवण्यासाठी सरकारनेच फी माफ केली, स्कॉलरशिप दिली, त्याने काम मागितलं तर त्याला मिळायचं ते एम्प्लॉयमेंटचं कार्ड. अडाण्याला पंधरा दिवसांत काम आणि शिकलेल्याला तीन वर्षांनी नूतनीकरण!

आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. माझा थोरला चुलतभाऊ मॅट्रिक झाला आणि पाझर तलावाच्या कामावर गेला. अक्षर बरं म्हणून त्याला मस्टर लिहायला बसवलं. त्याच्या शिक्षणाचा झालेला तो एकमेव सरकारी उपयोग. आई-बाप माती वाहायचे आणि तो त्यांच्या नावापुढे हजेरी लावायचा. पुढे तलाव पुरा झाला, मस्टर संपलं, आणि त्याला वाटत राहिलं की आपण आता कुदळ कशी धरणार. तो कधीच धरू शकला नाही आणि दुसरं काही त्याला मिळालंही नाही. बेकारीची आकडेवारी मी पाहते तेव्हा हा भाऊ त्यात कुठल्या रकान्यात बसत असेल, असा प्रश्न पडतो.

कार्डाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज १९४५ मध्ये सुरू झाली ती युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. १९५९ च्या कायद्याने जागा कळवणं बंधनकारक झालं. पुढे दोन पिढ्यांनी कार्ड काढलं, पत्र्याच्या पेटीत जपलं, तारीख चुकू नये म्हणून तालुक्याहून जिल्ह्याला चकरा मारल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक निकाल लागला, आपल्याच शेजारच्या कृष्णा जिल्ह्यातून गेलेल्या प्रकरणात. एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांपुरतं न थांबता वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन इतरांचेही अर्ज विचारात घ्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं. निकाल न्याय्यच होता. पण रांगेत पंधरा वर्षं उभ्या असलेल्यांची रांगच त्याने मोडली. माझं स्वतःचं कार्ड १९९२ चं आहे. त्यावर मला एकही बोलावणं आलं नाही. नोकरी मिळाली ती जाहिरात वाचून आणि एका मावशीकडे हैदराबादला राहायला जागा होती म्हणून. या दुसऱ्या कारणाचा उल्लेख मी माझ्या बायोडेटात कधी केलेला नाही.

मावशीचा मुद्दा गमतीने सांगितला तरी गमतीचा नाही. मधल्या काळात योजना नसते तेव्हा तिच्या जागी कोण येतं? नातं येतं, जात येते, लग्न येतं. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) हे फार स्वच्छ आलं आहे. दलित घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. होते, तेही पहिल्या वर्गात. शिक्षणापर्यंत सगळं झालं. नंतर नोकरी नाही. मुलाखती, आश्वासनं, कौतुकाचे शब्द आणि नोकरी नाही. मग वेगळ्या जातीतल्या माणसाशी लग्न होतं, आडनाव बदलतं आणि सरकारी कॉलेजात नेमणूक होते. ही नोकरी सोमकुवर या माहेरच्या नावाला मिळालेली नाही, पावडे या नावाला मिळाली, असं लेखिकेला जाणवतं. आपण सहसा या लेखाचा पूर्वार्ध शिकवतो, संस्कृत शिकण्याचा, कारण तो प्रेरणादायी वाटतो. मला उत्तरार्ध महत्त्वाचा वाटतो. परीक्षा होती तोवर गुण मोजणारं कुणीतरी होतं. परीक्षा संपली आणि तिला पुन्हा समाजाच्या हवाली केलं गेलं.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरच्या बोर्डिंगातून माणूस मुंबईच्या कारकुनीत येतो. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) पोरकं मूल मराठवाड्यात शिकत जातं आणि लेखक पुढे औरंगाबादला प्राध्यापक होतो. लिंबाळे टेलिफोन ऑपरेटर होतात. आपण या नोकऱ्या एका ओळीत ठेवून पाहत नाही. मास्तर, कारकून, टेलिफोन, बँक. जिथे जागा राखीव होत्या आणि जिथे जाण्यासाठी बी.ए. पुरत होतं, तिथे ही पिढी गेली. मुलांची आवड वगैरे नंतरच्या गोष्टी. ज्या अभ्यासक्रमाला सवलत मिळते तो घ्यायचा आणि ज्या खात्यात जागा निघते तिथे जायचं. आपल्याकडे मराठी घेऊन बी.ए. करणारी पोरं इतकी का होती, याचं उत्तर भाषाप्रेमात शोधणाऱ्यांनी ई.बी.सी.चा फॉर्मही पाहावा.

बाहेरच्या देशांत काय आहे, हे थोडक्यात सांगते. जर्मनीत शाळा सुटल्यावर निम्म्याच्या आसपास मुलं कारखान्याशी, दुकानाशी, इस्पितळाशी करार करतात. आठवड्यातले बहुतेक दिवस काम, एक-दोन दिवस व्यवसायशाळा आणि पहिल्या महिन्यापासून हातात विद्यावेतन. त्यांची अडचण वेगळी आहे. तिथे दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात आणि स्थलांतरितांची मुलं बहुधा खालच्या वाटेला जातात. डेन्मार्कमध्ये अठरा वर्षांपुढच्या विद्यार्थ्याला सरकार दरमहा पैसे देतं, ते त्याला स्वतंत्र माणूस मानून. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा बेकारभत्ता काढून घेतला आणि सांगितलं की प्रशिक्षणाला जा. इटलीत, स्पेनमध्ये मूल तिशीपर्यंत आईबापांकडे राहतं, कारण मधला काळ घरानेच सांभाळायचा असतो. आपण या शेवटच्यांच्या जवळचे. फरक इतकाच की तिथे आईबापांना पेन्शन असते. आपल्याकडे आईबापच मुलाच्या पगाराची वाट पाहत असतात. अप्रेंटिस कायदा आपणही १९६१ साली केला. कायदा आहे. मराठी कादंबरीत अप्रेंटिस किती सापडतात, ते शोधायला मी एका विद्यार्थ्याला सांगितलं होतं. त्याने विषय बदलून घेतला.

आता हैदराबाद. २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात फी-प्रतिपूर्तीची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. विद्यार्थ्याची फी सरकार कॉलेजला देणार. पहिल्या काही वर्षांत मी जे पाहिलं ते विसरता येणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांच्या, हमालांच्या मुली इंजिनीअरिंगला गेल्या. माझ्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंनी मला पेढे आणून दिले. ही गोष्ट लहान मानण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण पैसा विद्यार्थ्याच्या नावाने निघून कॉलेजच्या खात्यात जात होता आणि इंजिनीअरिंगची फी इतर अभ्यासक्रमांपेक्षा जास्त होती. त्यामुळे कॉलेजं निघाली ती इंजिनीअरिंगची. काही वर्षांत एकत्रित राज्यात त्यांची संख्या सातशेच्या घरात गेली. त्यांतली बरीच नंतर बंद पडली. सरकारने कशाचे पैसे दिले, त्यावर एक अख्खी पिढी काय झाली हे ठरलं. बी.ए. सवलतीत होती तेव्हा बी.ए. झाली, बी.टेक. सवलतीत आली तेव्हा बी.टेक. झाली.

आणि मधला काळ? तो आणखी अवघड झाला, आणि तोही या योजनेमुळेच. प्रतिपूर्तीचे पैसे सरकारकडून उशिरा येतात, कधी दोन-दोन वर्षं थकतात, आणि तोवर मूळ प्रमाणपत्रं अडकून राहतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाला, मुधोळकडचा मराठी मुलगा, नोकरीचं पत्र आलं होतं. मूळ सनद दाखवायला दहा दिवस होते. कॉलेज म्हणालं, सरकारकडून तुझे पैसे आले नाहीत, भर आणि घेऊन जा. बापाने बैल विकले. पैसे भरले अकराव्या दिवशी. मी कॉलेजचं नाव सांगत नाही. कॉलेजचीही बाजू आहे, त्यांनाही पगार करायचे असतात. पण सरकारने द्यायचे पैसे सरकारने दिले नाहीत आणि त्यासाठी गहाण पडला तो विद्यार्थी. लिंबाळ्यांच्या सरपंचाची सही अडली होती. इथे सनद अडली. कागद तोच, फक्त तो आता शिक्षणाच्या दुसऱ्या टोकाला आला आहे.

मुलींचं वेगळं सांगावं लागेल. २०१४ मध्ये तेलंगणात कल्याणलक्ष्मी आणि शादी मुबारक या योजना आल्या. गरीब घरच्या मुलीच्या लग्नाला आधी ५१,००० रुपये, २०१८ पासून १,००,११६ रुपये. अट अठरा वर्षं पूर्ण असण्याची, म्हणजे बालविवाहाला आळा बसावा असा हेतू. तो काही प्रमाणात साधलाही असेल. पैसे आईच्या नावाने येतात, हेही मला आवडतं. पण अठरा-एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इंटर संपवून डिग्रीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीसमोर राज्याने एकरकमी ठेवलेली सगळ्यात मोठी रक्कम कुठली, तर लग्नाची. स्कॉलरशिप तुकड्यातुकड्यांनी, उशिरा. लग्नाचे पैसे एकदम. घरातल्या माणसांना हिशोब करायला कुणी शिकवावं लागत नाही. याच राज्याने २०१६ पासून गुरुकुल संस्थेतर्फे मुलींसाठी निवासी पदवी महाविद्यालयंही काढली, आणि तिथल्या मुली कुठे पोचतात हे पाहून आनंद होतो. दोन्ही योजना एकाच सरकारच्या. एक मुलीला खाट देते, दुसरी मांडव.

गुरुकुलांचा विषय निघाला म्हणून भाषेबद्दल बोलते. नाहीतर अकादमीला वाटेल मी वाट चुकले. आदिलाबाद, बोथ, भैंसा, मुधोळ, इकडे जहीराबाद, या भागांतल्या मराठी घरांतलं हुशार मूल आज गुरुकुलात जातं किंवा दहावीनंतर बासरच्या राजीव गांधी विद्यापीठात. तिथे इंग्रजी आहे, तेलुगू आहे, मराठी नाही. त्याने तिथे जाऊ नये असं मी म्हणूच शकत नाही. जेवण, गादी, पुस्तकं, परीक्षेची तयारी, सगळं तिथे आहे आणि गावातल्या मराठी शाळेत पाऊस गळतो. आपण दरवर्षी ठराव करतो की तेलंगणातल्या मराठी शाळा टिकल्या पाहिजेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, तेव्हा आपण इथे पेढे वाटले. पण मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पुढे कुठलं वसतिगृह आहे, कुठली फी माफ आहे आणि शेवटी कुठली नोकरी आहे, या तिन्हींची उत्तरं आपल्या ठरावात नसतात.

याचं सगळ्यात टोकाचं रूप पाहायचं असेल तर जिवती तालुक्याच्या पठारावर जावं. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगण म्हणतं आमची. १९९७ मध्ये प्रकरण न्यायालयात महाराष्ट्राच्या बाजूने मिटलं, तरी दोन्ही राज्यांचा कारभार चालूच राहिला. दोन रेशनकार्डं, दोन मतदानकार्डं, दोन ग्रामपंचायती आणि दोन शाळा, एक मराठी, एक तेलुगू. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावं पूर्णपणे आपल्यात घेण्याचं पुन्हा जाहीर केलं. तिथले बरेच लोक मूळचे मराठवाड्याचे. दुष्काळात नांदेड-परभणीकडून वर सरकत गेलेले. म्हणजे माझ्या चुलतभावाच्याच पिढीतले, ज्यांनी मस्टरवर नाव घालण्याऐवजी वाट धरली ते.

वर्तमानपत्रांत या गावांच्या बातम्या गमतीच्या सदरात येतात. दोन सरकारांची चैन, वगैरे. माझं म्हणणं, तिथल्या सहा वर्षांच्या मुलाच्या जागी उभं राहून पाहा. त्याला पहिलीत घालताना बापाला ठरवावं लागतं की हा पुढे कुठल्या राज्याचा उमेदवार होणार. तेलंगणात स्थानिक कोण, हे पहिली ते सातवीतली वर्षं कुठे काढली यावर ठरतं. महाराष्ट्रात अधिवास आणि जातीचा दाखला तिकडच्या कागदांवर. तेलुगू शाळेत घातलं तर गुरुकुल, फी-प्रतिपूर्ती, हैदराबाद. मराठीत घातलं तर चंद्रपूर, गडचांदूर, महाराष्ट्राची शिष्यवृत्ती. एक मुलगा इकडे, एक तिकडे अशी वाटणीही घरं करतात. शेतकरी दोन पिकं लावतो तशी. जमिनीचे पट्टे नाहीत, म्हणून जमीन विकून शिकवण्याचाही मार्ग नाही. सगळी भिस्त योजनेवर. एरवी आपल्याला जे पुसट दिसतं ते या पठारावर लख्ख दिसतं. शाळेचं माध्यम निवडणं म्हणजे नोकरीचं दार निवडणं, आणि ते सहाव्या वर्षी.

शेवटी अलीकडचं एक. मधल्या काळाकडे सरकारांचं लक्ष आता गेलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन, सहा महिने. नंतर ती आणखी पाच महिने वाढवली. केंद्राची इंटर्नशिप योजना त्याच वर्षीची, महिना ५,०००. शेवटच्या पेपरनंतरचे काही महिने पहिल्यांदा कुणीतरी मोजले. नांदेडला माझ्या भावाची नात त्यात एका सरकारी कार्यालयात लागली. सहा महिने तिने संगणकावर नोंदी केल्या, कार्यालयाला सवय झाली, तिला सवय झाली आणि मग मुदत संपली. या मुलामुलींनी कायम करा म्हणून मोर्चे काढले. त्यांना हट्टी म्हणणारे लेख मी वाचले. ‘प्रशिक्षण’ हा शब्द त्यांनी नीट वाचला नाही, असं एका संपादकाने लिहिलं होतं. मला वाटतं त्यांनी तो नीट वाचला. काम खरं होतं आणि जागा रिकामीच होती, हेही त्यांना दिसलं. प्रशिक्षण संपल्यावर त्या खुर्चीवर कोण बसलं? दुसरा प्रशिक्षणार्थी. मस्टर लिहिणाऱ्या भावाची नात पन्नास वर्षांनी संगणकावरचं मस्टर लिहून घरी आली.

आत्मकथनं लिहिणाऱ्या पिढीला निदान सवलत संपते तिथे नोकरीची पायरी सुरू होताना दिसत होती. ती निसटती होती, पण होती. आजच्या मुलांचं आत्मकथन अजून आलेलं नाही. येईल तेव्हा त्यात मी-सेवा केंद्राचं टोकन, ई-पासचा स्टेटस आणि अकरा महिन्यांचं नियुक्तिपत्र असेल. त्याला साहित्य म्हणायचं की नाही, यावर आपल्या समित्या चर्चा करतील.

मागच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी, आदिलाबादकडची, झेरॉक्स साक्षांकित करायला आली होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. मी विचारलं, “बी.एड.ला लावायचे ना? मग दोन कशाला?” ती म्हणाली, “मॅडम, एक संच आईने मागितलाय. कल्याणलक्ष्मीला.” मी दोन्ही संचांवर सही केली. एडसेटचा निकाल लागला आहे, तिला बरा रँक आहे. कौन्सेलिंगची तारीख अजून यायची आहे. मुलाकडचे दिवाळीनंतरचा मुहूर्त म्हणताहेत.